जोंगनोच्या चौकातून : कोरियावर व्याख्यान द्यायचं तर सुरुवात कुठून करावी?

शलाका_म

नमस्कार मंडळी.

आमच्या गावच्या वाचनालयाने यंदाच्या व्याख्यानमालेतलं एक पुष्प कोरियाच्या इतिहासाला द्यायचं ठरवलंय आणि ते गुंफायचं काम माझ्याकडे आलंय. गाव सांगली जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं. श्रोते बहुतेक साठीच्या पुढचे, पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारे. मागच्या रांगेत कोरियन मालिका बघणारी त्यांची नातवंडं. मी नोकरीनिमित्त सोलमध्ये राहते आणि इथे संध्याकाळी होणाऱ्या व्याख्यानांना जमेल तेव्हा जाते. विषयाची गोडी तिथेच लागली.

आयोजकांनी सुचवलेला आराखडा नेहमीचा आहे. प्राचीन राज्यं, जोसन राजवट, जपानची गुलामी, फाळणी, युद्ध, मग मोबाईल-मोटारींचे कारखाने आणि शेवटी गाणी. तासाभरात दोन हजार वर्षं. अशी भाषणं मी ऐकली आहेत. घरी पोचेपर्यंत त्यातलं एकही माणूस लक्षात राहत नाही.

मला एका चौकापासून आणि एका वर्षापासून सुरुवात करायची आहे. चौक सोलमधल्या जोंगनोचा, वर्ष १८९८.

थोडी पार्श्वभूमी देते. १८९५ च्या ऑक्टोबरात जपानी मारेकऱ्यांनी राजवाड्यात घुसून राणीचा खून केला. पुढच्या फेब्रुवारीत राजा गोजोंग जीव मुठीत धरून रशियाच्या वकिलातीत राहायला गेला, तो वर्षभर तिथेच होता. १८९७ मध्ये परत येऊन त्याने स्वतःला सम्राट घोषित केलं. देशाच्या खाणी, जंगलं, रेल्वे यांचे हक्क एकेक करून परक्यांच्या हाती चालले होते. अशा वेळी सो जे-पिल नावाचा डॉक्टर अमेरिकेहून परतला. १८८४ च्या फसलेल्या उठावानंतर त्याला देश सोडावा लागला होता. त्याने ७ एप्रिल १८९६ ला 'दोंगनिप शिन्मुन' हे वर्तमानपत्र काढलं, तेही निव्वळ हांगुल लिपीत, म्हणजे ज्यांना चिनी अक्षरं येत नव्हती त्या बायाबापड्यांनाही वाचता यावं असं. त्याच वर्षी इंडिपेंडन्स क्लब निघाला. चीनच्या दूतांचं स्वागत ज्या कमानीपाशी होत असे, ती पाडून तिथे लोकवर्गणीतून स्वातंत्र्यद्वार उभं राहिलं. जुन्या कमानीचे दोन दगडी खांब आजही त्याच्या समोर आहेत.

आणि आता आपल्या कामाचा भाग. ऑगस्ट १८९७ पासून या क्लबने दर रविवारी जाहीर वादसभा भरवायला सुरुवात केली. पहिला विषय होता लोकशिक्षणाचा. एक बाजू मांडायची, दुसरी खोडायची, मग जमलेल्यांनी कौल द्यायचा. सभा कशी चालवावी, ठराव कसा मांडावा, हात वर करून मत कसं द्यावं, हे सगळं लोकांना नवं होतं. युन ची-हो या पुढाऱ्याने त्यासाठी सभाशास्त्राचं एक अमेरिकन पुस्तक कोरियनमध्ये आणलं. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्या काळातल्या आपल्याकडच्या धडपडीशी हे किती जवळचं आहे, हे आपल्या श्रोत्यांना वेगळं सांगावं लागणार नाही.

१० मार्च १८९८ ला ही सभा दिवाणखान्यातून थेट रस्त्यावर आली. जोंगनोला कापडाच्या पेढ्यांसमोर सुमारे दहा हजार माणूस जमला. रशियाचे लष्करी शिक्षक आणि आर्थिक सल्लागार परत पाठवा, ही मागणी. सभेचा अध्यक्ष कोण निवडला? एक तांदळाचा व्यापारी. बोलणाऱ्यांत शाळा-कॉलेजची पोरं होती. त्यांतच विशीतला सिंगमन री हा तरुण होता. थोड्याच दिवसांत रशियाने आपले सल्लागार मागे घेतले. या सभांना 'मान्मिन गोंगदोंगह्वे' म्हणत, म्हणजे सर्व प्रजेची सभा.

२९ ऑक्टोबरला तर सरकारचे मंत्रीही त्याच सभेत येऊन बसले. मोठा मांडव घातलेला. आधी पाक जोंग-यांग हे मंत्री बोलले, आणि त्यानंतर उभा राहिला पाक सोंग-चुन. हा जातीने बेकजंग, खाटिक. समाजाच्या उतरंडीत अगदी तळाचा. त्याने सांगितलं की मी या देशातला सगळ्यात हलका आणि अडाणी माणूस. पण देशाचं भलं कशात आहे ते मला थोडंफार कळतं. डोक्यावरच्या कापडी छताकडे बोट दाखवून तो म्हणाला, हे एका खांबावर तोलायचं म्हटलं तर कोसळेल, पुष्कळ खांब लागले तर पक्कं उभं राहील. दुसऱ्या दिवसापर्यंत सभेने सम्राटापुढे ठेवायची सहा कलमं मंजूर केली. परक्यांशी करार करताना मंत्र्यांनी आणि सल्लागार मंडळाच्या अध्यक्षांनी मिळून सह्या कराव्यात, जमाखर्च लोकांसमोर यावा, आरोपीची उघड चौकशी व्हावी, अशी.

सम्राटाने कलमं मान्य केली आणि आठवड्याभरात सतरा पुढाऱ्यांना अटक केली. राजशाही उलथून प्रजासत्ताक आणायचा कट आहे, अशी खोटी पत्रकं रातोरात शहरात लागली होती. लोक घरी गेले नाहीत. नोव्हेंबरच्या कडाक्यात रात्र-रात्र शेकोट्या पेटवून बसून राहिले. मोळीवाल्यांनी लाकूड दिलं, खाणावळवाल्यांनी भात आणि गरम सूप पोचवलं. पुढारी सुटले. मग दरबारातल्या जुन्या मंडळींनी फेरीवाल्यांच्या संघटनेला हाताशी धरून सभेवर लाठ्या चालवल्या. त्या मारामारीत किम दोक-गु नावाचा चपला दुरुस्त करणारा माणूस गेला. त्याची अंत्ययात्रा शहराने काढली, मोठ्या मानाने. डिसेंबर संपायच्या आत सैन्य आणून सभा मोडल्या, क्लबवर बंदी आली.

माझी कल्पना अशी की या चौकात उभी राहिलेली चार-पाच माणसं घ्यायची आणि ती पुढे कुठे गेली ते सांगायचं. त्यांच्या मागोमाग गेलं की जपानी सत्ता, फाळणी, हुकूमशाही, सगळं आपोआप येतं. तुम्हाला काय वाटतं? कुणाला नेऊ, कुणाला सोडू?

माळावरचा

शलाकाताई, छान मांडलंय. पण एक शंका. आपल्याकडे कोरिया म्हटलं की अयोध्येच्या राजकन्येची गोष्ट निघतेच. लोकांना तिथून जवळीक वाटते. ती सोडून एकदम खाटकाच्या भाषणापासून सुरुवात केली तर श्रोते धरून ठेवता येतील का?

शलाका_म

माळावरचा, ती गोष्ट प्रश्नोत्तरांत येणारच, म्हणून तयारी ठेवली आहे. 'सामगुक युसा' हा तेराव्या शतकात इर्योन या बौद्ध भिक्षूने संकलित केलेला ग्रंथ. त्यात आयुता नावाच्या देशातून समुद्रमार्गे आलेली हो ह्वांग-ओक ही राजकन्या गाया राज्याच्या राजा सुरोशी लग्न करते. गिम्हे शहरात तिची समाधी दाखवतात, अयोध्येत २००१ पासून तिचं स्मारक आहे आणि गिम्हेच्या किम कुळातली मंडळी तिला आपली मूळ आई मानतात. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. पण ग्रंथ घटनेनंतर हजार-बाराशे वर्षांनी लिहिलेला आहे आणि इतिहासकार तिला आख्यायिकाच मानतात. व्याख्यानाचा पाया त्यावर रचणं मला पटत नाही. शिवाय आपल्याशी नातं असलं तरच एखाद्या देशाचा इतिहास ऐकावा असं थोडंच आहे? रात्रभर शेकोटीपाशी बसलेल्या माणसांची गोष्ट आमच्या गावाला नक्की भिडेल, मला खात्री आहे.

वैदेही_क

माझी मुलगी अकरावीत आहे, गेली दोन वर्षं कोरियन शिकतेय. तिच्यामुळे घरात ऐतिहासिक मालिका चालू असतात. त्यातल्या बायका राजवाड्यातच फिरतात: राण्या, दासी, कट-कारस्थानं. तुमच्या चौकात बायका होत्या का? मागच्या रांगेतल्या मुलींसाठी विचारतेय.

हान_काठचा

मी सोलमध्ये समाजशास्त्रात संशोधन करतो, म्हणून या प्रश्नावर थोडं लिहितो.

होत्या, आणि त्याच वर्षी. १ सप्टेंबर १८९८ ला सोलच्या बुकचोन भागातल्या बायकांनी एक जाहीरनामा काढला. आठवड्याभरात तो वर्तमानपत्रांत छापून आला. आम्हीही डोळे-कान-हातपाय असलेली माणसं आहोत, मग घरात कोंडून नवऱ्याने मिळवलेलं का खावं, असा त्याचा सूर. मुलींसाठी शाळा हवी ही मुख्य मागणी. त्यांनी 'चान्यांगह्वे' ही संघटना काढली आणि ऑक्टोबरात थेट राजवाड्यासमोर जाऊन सम्राटाला अर्ज दिला. सरकारने पैसे दिले नाहीत, तेव्हा स्वतःच 'सुन्सोंग' नावाची मुलींची शाळा चालवली. ती फार काळ टिकली नाही, पण कोरियन बायकांनी स्वतःच्या हिमतीवर काढलेली ती पहिली शाळा म्हणून ओळखली जाते. त्या आधीची इह्वा शाळा अमेरिकन मिशनरी बाईंनी १८८६ मध्ये काढलेली. आता कोरियात १ सप्टेंबर हा दिवस त्या जाहीरनाम्याच्या नावाने कायद्याने पाळला जातो.

शलाका, तुझ्या यादीत या बायका हव्यातच. बुकचोनमध्ये आज पर्यटक भाड्याचे हानबोक, म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख, घालून फोटो काढतात, त्याच गल्ल्यांमधली ही गोष्ट आहे.

वैदेही_क

हे वाचून दाखवलं घरी. मुलीने लगेच विचारलं, सावित्रीबाईंची शाळा १८४८ ची, मग यांना आपल्याबद्दल माहीत असेल का? मी म्हटलं, विचारून सांगते.

हान_काठचा

तसा काही पुरावा माझ्या वाचनात नाही. त्यांच्यासमोर पाश्चात्त्य देशांची उदाहरणं होती, आणि जाहीरनाम्यात तेच म्हटलंय.

समतादूत

धागा आवडला, म्हणून सविस्तर लिहितोय. शलाकाताईंच्या एका गोष्टीला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. पाक सोंग-चुन यांना मांडवात बोलतं करून तिथेच सोडू नका. भाषणाला टाळ्या मिळाल्या, म्हणून वस्तीतलं काही बदललं नव्हतं.

बेकजंग कोण होते ते आधी सांगा. गावाबाहेर राहायचं. छताला कौलं नाहीत. प्रौढ पुरुषाने घालायची 'गात' ही घोड्याच्या केसांची काळी टोपी घालायची नाही. समोर सवर्णाचं लहान पोर असलं तरी त्याच्याशी अदबीने बोलायचं आणि त्याने मात्र म्हाताऱ्याला अरे-तुरे करायचं. १८९४ च्या सुधारणांनी कागदावर हा भेद रद्द झाला. टोपी तरीही मिळेना. सॅम्युएल मूर या मिशनऱ्याच्या साथीने पाक यांनी सरकारकडे अर्जांवर अर्ज केले, तेव्हा कुठे परवानगी आली.

मूर यांच्या चर्चमध्ये पाक यांचा १८९५ मध्ये बाप्तिस्मा झाला. खाटकाशेजारी बसणार नाही म्हणत यांगबान, म्हणजे उच्चकुलीन लोक, उठून गेले. आम्हाला पुढे वेगळी जागा द्या म्हणाले. मूर नाही म्हणाले. त्या मंडळींनी वेगळं चर्च थाटलं, पुढे काही वर्षांनी परत आले. तेच आजचं इन्साडोंगमधलं सुंगडोंग चर्च. १९११ मध्ये पाक तिथे 'एल्डर', म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक, निवडले गेले. राजघराण्यातला एक माणूस त्याच चर्चचा एल्डर झाला तो त्यांच्यानंतर, तीन वर्षांनी. हे आपल्या श्रोत्यांना सांगा, हॉलमध्ये शांतता पसरेल.

त्यांचा मुलगा पाक सो-यांग १९०८ मध्ये सेवेरन्स वैद्यकीय शाळेतून डॉक्टर झाला. कोरियात पाश्चात्त्य वैद्यक शिकून परवाना मिळालेल्या पहिल्या सात डॉक्टरांमधला तो एक. जपानने देश गिळल्यावर तो मांचुरियातल्या गांदोला गेला, तिथे दवाखाना आणि शाळा चालवली, स्वातंत्र्यसैनिकांवर उपचार केले.

पण सगळ्यांचं नशीब असं नव्हतं. म्हणून जिंजूला जा. एप्रिल १९२३, दक्षिणेकडचं जिंजू शहर. तिथल्या एका सधन बेकजंगाच्या मुलांना पैसे देऊनही शाळेत घेईनात. जांग जी-पिल हा जपानमध्ये शिकून आलेला तरुण. नोकरीसाठी कुटुंबनोंदीचा उतारा काढला तर त्यावर खाटिक असा शेरा. यांच्यासोबत कांग सांग-हो हा उच्चकुलीन जमीनदाराचा मुलगा उभा राहिला आणि 'ह्योंगप्योंगसा' ही संघटना निघाली. नावात तराजू आहे, त्यांच्या रोजच्या धंद्यातला. शेजारच्या जपानमध्ये अशाच बुराकू समाजाची 'सुइहेइशा' वर्षभर आधी उभी राहिली होती, दोघांचं येणंजाणं होतं. जिंजूच्या लोकांनी काय केलं? गोमांस घेणं बंद केलं. बहिष्कार घातला. कांग यांना 'नवा बेकजंग' म्हणून हिणवलं. १९२५ मध्ये येचोनमध्ये तर जमावाने सभेसाठी आलेल्या कार्यकर्त्यांना मारहाण केली.

आपल्याकडे १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२७ मध्ये महाड. तारखा शेजारी शेजारी लिहा फळ्यावर. मी चवदार तळ्याच्या वर्षदिनाला लहानपणापासून जातोय, आणि जिंजूबद्दल कळलं तेव्हा वाटलं की ही माणसं आपलीच, इतकी वर्षं कुणी ओळख करून दिली नव्हती. जिंजूत १९९६ मध्ये त्यांचं स्मारक झालं. कोरियात जात नव्हती, असं आपल्याकडे बिनधास्त सांगितलं जातं. तुमच्या व्याख्यानाने तेवढं दुरुस्त केलं तरी पुरे.

शलाका_म

समतादूत, मनापासून आभार. पाक बाप-लेक आणि जिंजू हा व्याख्यानाचा मधला भाग होणार, ठरलं. सुंगडोंग चर्चमध्ये मी गेले आहे. इन्साडोंगच्या भेटवस्तूंच्या दुकानांमधून एक बोळ आत जातो, आणि एकदम लाल विटांची १९१२ ची इमारत समोर येते. १९१९ च्या १ मार्चच्या उठावाआधी विद्यार्थी पुढारी तिथेच जमले होते. शेजारीच तापगोल बाग, जिथे त्या दिवशी दुपारी स्वातंत्र्याचा जाहीरनामा लोकांसमोर मोठ्याने वाचला गेला. म्हणजे १८९८ चा चौक, खाटकाचं चर्च आणि १९१९ ची बाग, सगळं दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्यात आहे. नकाशा पडद्यावर दाखवायचा विचार आहे.

प्रश्नचिन्ह

एक बाजू राहतेय. इंडिपेंडन्स क्लबला इतकं डोक्यावर घेऊ नये.

एक, या मंडळींचा रोख रशियावर. जपानचा धोका त्यांना तितका दिसला नाही. उलट जपानच्या सुधारणांचं कौतुक होतं. दोन, राणीच्या खुनानंतर खेड्यापाड्यांत ज्या सशस्त्र टोळ्या, 'उइब्योंग', उठल्या, त्यांना यांचं वर्तमानपत्र दरोडेखोरच म्हणत होतं. तीन, चारच वर्षं आधी, १८९४ मध्ये, दोंगहाक पंथाच्या शेतकऱ्यांनी जोन बोंग-जुन यांच्या पुढारीपणाखाली जेओल्ला प्रांत हलवून सोडला होता. गुलामांची कागदपत्रं जाळा, विधवांना पुनर्विवाह करू द्या, अशा मागण्या त्यांच्या नावावर आहेत. उगुम्ची खिंडीत जपानी बंदुकांपुढे हजारो शेतकरी पडले. शहरी क्लबने त्यांची आठवण ठेवली नाही. आणि ज्या युन ची-हो यांनी सभाशास्त्र शिकवलं, ते उतारवयात जपानी सत्तेचे समर्थक झाले, कोरियन तरुणांना जपानी सैन्यात भरती व्हा म्हणून आवाहन करत फिरले. हे सांगणार का?

शलाका_म

सांगणार. युन ची-हो यांच्याशिवाय गोष्ट पुरीच होत नाही. त्यांनी साठ वर्षं रोजनिशी लिहिली, त्यातली बरीचशी इंग्रजीत. आपल्या लोकांवरचा विश्वास कसकसा उडत गेला ते त्यात दिसतं. व्याख्यानमालेत देशभक्तांचेच गोडवे ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्यांना हे जड जाईल, पण आमचं गाव तेवढं पोक्त आहे.

दोंगहाकला दहा मिनिटं देईन. त्या शेतकऱ्यांच्या कथेने सुरुवात करावी का, यावर मी बराच विचार केलाय. चौकच निवडला, कारण तिथे शेतकरी सोडून बाकी सगळे थर एकत्र दिसतात: मंत्री, व्यापारी, विद्यार्थी, खाटिक, चांभार. शेतकरी त्यात का नाही, हा प्रश्न श्रोत्यांसमोर उघडपणे ठेवीन.

माजी_सैनिक_करवीर

जय हिंद. मी इतिहासाचा अभ्यासक नाही, पण माझ्याकडे या विषयाला जोडायला एक धागा आहे. शलाकाताईंनी सिंगमन री यांचं नाव घेतलं म्हणून सांगतो.

१९५३ मध्ये कोरियन युद्धात युद्धबंदी झाली तेव्हा मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचं काय करायचं हा पेच होता. त्यासाठी पाच तटस्थ देशांचं कमिशन नेमलं, अध्यक्ष जनरल थिमय्या. कैदी सांभाळायला भारताची कस्टोडियन फोर्स गेली, तिचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात, आमच्या कोल्हापूरकडचे. सिंगमन री तेव्हा दक्षिण कोरियाचे अध्यक्ष. भारताला त्यांचा इतका विरोध की भारतीय सैनिकाने दक्षिण कोरियाच्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही म्हणाले. म्हणून आपली माणसं इंचोन बंदरातल्या जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट दोन कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवली गेली. तिथल्या छावणीचं नाव हिंदनगर.

बावीस हजारांहून जास्त कैदी होते. प्रत्येकाला एका तंबूत आणायचं. त्याच्या देशाचे अधिकारी त्याला समजावणार, परत चल म्हणून. पाचही देशांचे प्रतिनिधी बसलेले. ऐकून झालं की कैद्याने दोनपैकी एका दाराने बाहेर पडायचं: एक दार मायदेशाचं, दुसरं नाही म्हणणाऱ्यांचं. छावण्यांमध्ये दोन्हीकडच्या कडव्या टोळ्यांची दहशत होती. सप्टेंबरमध्ये कैद्यांनी आपल्या मेजर ग्रेवाल यांना आत ओढून धरलं. थोरात स्वतः त्या जमावात शिरले, गोळी न चालवता त्यांना सोडवून आणलं. शेवटी ८८ जणांना ना उत्तर हवं होतं ना दक्षिण, ना चीन. ते आपल्या जवानांबरोबर जहाजाने मद्रासला आले. काही पुढे ब्राझील, अर्जेंटिनाला गेले, काही भारतातच राहिले.

आमच्या भागात थोरात साहेबांचं नाव निघतं ते १९६२ च्या संदर्भात. कोरिया कुणी काढत नाही. तुमच्या सभेत काढा.

शलाका_म

काका, नमस्कार. हा धागा नेमका बसतोय. बघा: १८९८ च्या चौकात भाषणं करणारा विशीतला री १८९९ मध्ये तुरुंगात गेला, १९०४ मध्ये सुटला. मग बरीच वर्षं अमेरिकेत. १९४८ मध्ये दक्षिण कोरियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष. १९५३ मध्ये आपल्या सैनिकांना बंदरावर उतरू न देणारा तोच. आणि १९६० च्या एप्रिलमध्ये निवडणुकीतल्या घोटाळ्याविरुद्ध विद्यार्थी सोलच्या रस्त्यावर आले, तेव्हा त्यांच्यावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या त्या याच्याच राज्यात. २६ एप्रिलला त्याला राजीनामा द्यावा लागला. तरुणपणी सम्राटाविरुद्ध रस्त्यावर बसलेला माणूस म्हातारपणी रस्त्यावरच्या पोरांनी घालवला. हे एका माणसाच्या आयुष्यात घडलंय. व्याख्यानाचा कणा मला इथे सापडला.

थोरातांचा भाग स्वतंत्र घेईन. तुमच्याकडे काही जुने फोटो असतील तर बघायला आवडतील.

हान_काठचा

मग १९६० वर थांबू नकोस. मे १९८० मध्ये ग्वांगजूला सैन्याने माणसं मारली, सैन्य काही दिवस शहराबाहेर हटलं, तेव्हा लोकांनी काय केलं? प्रांत-कार्यालयासमोरच्या कारंज्याभोवती जमून रोज सभा घेतल्या. कारंज्याच्या कठड्यावर चढून ज्याला बोलायचं तो बोलत होता. २७ मेच्या पहाटे सैन्य परत शिरलं. ते कारंजं अजून आहे.

आणि २०१६. अध्यक्ष पाक गन-हे यांच्याविरुद्धची पहिली मोठी मेणबत्ती-सभा २९ ऑक्टोबर २०१६ ला चोंग्ये चौकात भरली, म्हणजे खाटकाच्या भाषणाला बरोबर ११८ वर्षं झाली त्या दिवशी. घटना न्यायालयाने त्यांना पदावरून काढलं १० मार्च २०१७ ला. मान्मिन गोंगदोंगह्वेची पहिली सभा १० मार्चचीच. योगायोगच, पण श्रोते विसरणार नाहीत.

मी त्या सभांना गेलो होतो. ग्वांगह्वामुनला शनिवारी संध्याकाळी. कागदी पेल्याच्या बुडाला भोक पाडून त्यात मेणबत्ती. सत्ताधारी पक्षाचा एक खासदार म्हणाला, वारा आला की मेणबत्त्या विझतात. पुढच्या शनिवारी लोक बॅटरीवरच्या मेणबत्त्या घेऊन आले. व्यासपीठावर पुढाऱ्यांपेक्षा साध्या माणसांना जास्त वेळ. शाळेच्या गणवेशातली मुलगी, टॅक्सीवाला, बुडालेल्या सेवोल जहाजात मूल गमावलेली आई, हे सगळे दोन-तीन मिनिटं बोलायचे. नावनोंदणी करून रांगेत उभं राहायचं. काही ठिकाणी या मोकळ्या सभांना लोक मान्मिन गोंगदोंगह्वे असंच म्हणत होते. शाळेत सगळ्यांनी ते शिकलेलं असतं.

डिसेंबर २०२४ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष युन सोक-योल यांनी रात्रीत मार्शल लॉ पुकारला, तेव्हाही माणसं संसदेच्या फाटकापाशी धावली. माझ्या वसतिगृहातली मुलं अंथरुणातून उठून गेली. सहा तासांत तो मागे घ्यावा लागला.

प्रश्नचिन्ह

हे पटलं. फक्त ही सगळी एक सरळ चढती रेघ आहे असं दाखवू नका. १८९८ नंतर बारा वर्षांत देशच गेला होता.

वाचनालय_कार्यवाह

शलाकाताई, धागा समितीतल्या सगळ्यांनी वाचला. एका तासात हे बसणार नाही, म्हणून लागोपाठ दोन संध्याकाळी देतोय. पहिल्या दिवशी १८९८, पाक बाप-लेक, जिंजू. दुसऱ्या दिवशी री, थोरात साहेब, ग्वांगजू ते आजपर्यंत. समतादूत, तुम्ही कराडचे आहात असं तुमच्या जुन्या लेखनावरून दिसतं; पहिल्या दिवशी जिंजू आणि महाड यावर पंधरा मिनिटं तुम्हीच बोलावं असा समितीचा आग्रह आहे. करवीरच्या काकांनी दुसऱ्या दिवशी पहिल्या रांगेत यावं.

व्यवहाराचं: कोरियन नावं कानाला सारखी वाटतात. मोठ्या अक्षरात नावांचा एक फलक करून स्टेजच्या बाजूला लावू. लाईट गेली तर पडदा बंद पडतो, म्हणून नकाशा कागदावरही छापून आणा. आणि फलकावर व्याख्यानाचं नाव काय लिहायचं ते कळवा, रंगवायला द्यायचंय.

समतादूत

येतो. पंधरा मिनिटं पुरतील.

शलाका_म

कार्यवाह साहेब, दोन दिवस दिलेत, फार बरं झालं. फलकावर 'जोंगनोच्या चौकातली माणसं : कोरिया १८९८ ते आज' असं लिहा. नावांची यादी देवनागरीत करून उद्या पाठवते. प्रश्नोत्तरांना दोन्ही दिवशी निदान अर्धा तास ठेवा, आणि प्रश्न चिठ्ठीवर न घेता उभं राहूनच विचारू द्या.

वैदेही_क

आम्ही दोघी पुण्याहून येतोय दोन्ही दिवस. मुलगी दिवाळीत शाळेच्या गटाबरोबर सोलला जाणार आहे, एक दिवस मोकळा मिळेल म्हणते. या धाग्यातलं काय काय बघता येईल?

शलाका_म

नक्की बघता येईल. जोंगाक स्टेशनला उतरायला सांगा, बाहेर येताच बोशिंगाक घंटाघर दिसतं. जोंगनो हे नावच त्या घंटेवरून पडलं. तिथून सरळ पूर्वेला चालत तापगोल बाग, मग इन्साडोंगच्या बाजूने वळून सुंगडोंग चर्च. जोंगनो-३-गा स्टेशनवरून तीन नंबरची मेट्रो घेतली की तिसरं स्टेशन, ग्योंगबोकगुंगनंतरचं, दोंगनिमुन येतं. बाहेरच स्वातंत्र्यद्वार, जुन्या कमानीचे दोन खांब आणि सो जे-पिल यांचा पुतळा. लागूनच सोदेमुन तुरुंगाचं संग्रहालय आहे. ते सोमवारी बंद असतं, तेवढं सांभाळा. तुरुंग बघायला दोन तास हाताशी ठेवावेत. बुकचोनच्या मुख्य गल्ल्यांत पर्यटकांना सकाळी दहाच्या आत जाता येत नाही, म्हणून दहा वाजताच, गर्दीच्या आधी.